माठावरचे फेटे

झाशीत लक्ष्मी गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला अंबरीश लघाट्यांचं दुकान लागतं. पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'लघाटे फेटेवाले' लिहिलेलं आहे. ती पाटी वाचून आत आलेला माणूसही हमखास विचारतो, "साफेवाले भैया आप ही हैं?"

या एका वाक्यानं अंबरीशरावांचं टाळकं फिरायचं. "साफा और फेटा एक चीज नहीं होती," ते म्हणायचे. समोरचा म्हणायचा, "अरे वही ना, सर पे बाँधने का." मग ते गप्प बसायचे. ज्याला एवढंही कळत नाही त्याच्याशी बोलून आपलं तोंड कशाला दुखवा? त्याचं डोकं मात्र ते नीट न्याहाळून घ्यायचे. हे फताडं, हे निमुळतं, हे मागून चेपलेलं. गावातल्या बहुतेक प्रतिष्ठित मंडळींना ते चेहऱ्यानं कमी आणि डोक्यानं जास्त ओळखत, आणि एकाही डोक्याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं.

जगात फेटा बांधता येणारे हात दोनच आहेत आणि ते देवानं आपल्या खांद्यांना लावून पाठवलेत, अशी त्यांची ठाम समजूत. आठदहा पिढ्यांपूर्वी लघाटे दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. तलवारी गेल्या, जहागिरी गेली, घरातलं मराठीसुद्धा निम्मं हिंदी झालं. राहिला तो फेटा. तो अंबरीशरावांनी असा काही पकडून ठेवला होता की दुसऱ्या कुणाची बोटं त्याला लागली तर विटाळ होईल.

आता फेटा एकट्यानं बांधता येत नाही. लांबलचक कापडाची उभी घडी घालायची तर दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. त्या कामाला मुकेश होता. मिसरूड फुटायच्या वयात तो दुकानात आला. आता त्याला दोन मुलं होती आणि कानापाशी केस पांढरे व्हायला लागले होते, तरी तो टोकच धरून होता. इस्त्री त्यानं करायची, गाठोडी त्यानं वाहायची, लग्नघरी आरसा त्यानं मांडायचा. पण माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. एकदा कुणा नवरदेवाच्या फेट्यातून सुटलेला धागा त्यानं सहज बोटानं आत खोचला, तर अंबरीशरावांनी भर वऱ्हाडात त्याच्या हातावर चापट मारली होती.

"हिलिए मत," हे अंबरीशरावांचं दुसरं वाक्य. डोकं आमदाराच्या भावाचं असो नाहीतर बँडवाल्याचं, फेटा चढत असताना ते हललेलं त्यांना खपायचं नाही. मराठी डोकं असेल तर "हलायचं नाही." बस, तेवढंच. नवरदेव तहानेनं कासावीस झाला तरी पाणी फेटा झाल्यावर.

अशा माणसाचा धंदा वाढणार तरी कसा? लग्नाची तिथ एक आणि लग्नं दहा. अंबरीशराव एक घेत, नऊंना हात जोडत. ती नऊ लग्नं दतिया गेटपाशी एकानं नवं दुकान टाकलं होतं तिकडे जायची. तिथं शिवलेले, आतून पुठ्ठा लावलेले तयार साफे भाड्यानं मिळत. टोपीसारखे घाला, टोपीसारखे काढा. त्या दुकानावरून जाताना अंबरीशराव मान दुसरीकडे वळवत. "डोक्यावर डबा घालून फिरतात गाढवं," ते घरी येऊन सांगत. डबे घालणारी गाढवं मात्र वेळेवर मांडवात पोचत होती आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं, हे त्यांच्या पत्नी अलकनंदाबाई बोलून दाखवत नसत.

अलकनंदाबाईंनी पुष्कळ गोष्टी बोलून दाखवल्या नव्हत्या. मुलीचं, जाईचं बारसं झालं तेव्हा नवरा समथर गावी कुणाच्या तरी डोक्यावर होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये जाई नाचली. हा पोचला तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होते. तिला मुलगा बघायला जायचं ठरलं तर हा म्हणाला, देवेंद्रला पाठव. देवेंद्र म्हणजे अलकनंदाबाईंचा धाकटा भाऊ. रेल्वेत नोकरीला, पोट सुटलेला आणि सदा हसतमुख. अंबरीशरावांना त्याच्या त्या हसण्याचीही चीड यायची. ज्याला कशाचीच फिकीर नाही तोच असा हसू शकतो, असं त्यांचं म्हणणं. पण मुलगा त्यानंच पाहिला. अमोघ, मूळचा भुसावळचा, तोही रेल्वेतलाच, झाशीला बदलून आलेला. पत्रिका देवेंद्रनं छापून आणल्या, आचारी त्यानं ठरवला, लक्ष्मी तलावाच्या रस्त्यावरचं लॉन त्यानं बघितलं. अंबरीशरावांनी दोन्हीकडच्या वऱ्हाडाला घालायच्या फेट्यांचा रंग ठरवला, आणि त्यात त्यांचा महिना गेला.

एक दिवस जेवताना जाईनं विषय काढला. तिला मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर घसरायची.

"बाबा, मला एकच चीज पाहिजे. अंतरपाट हटेल ना, तेव्हा तुम्ही समोर पाहिजे. किसी के सर पे नहीं. मेरे सामने."

"म्हणजे काय? मी नसेन तर कोण असेल?"

"मामा," जाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अंबरीशरावांना जास्त लागलं.

अलकनंदाबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "अहो, तिच्या लग्नात फेटे मुकेशला बांधू द्या. त्याच्या हाताखाली आणखी एकदोघं घ्या. आत्तापासून शिकवा. त्या दिवशी तुम्ही मुलीचे वडील. दुसरं कुणी नाही."

"शिकवतो," अंबरीशराव म्हणाले. मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, म्हणजे त्या क्षणी तरी खरंच म्हणाले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुकेशला आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या जयसिंगला समोर बसवलं. जयसिंगला डोकं म्हणून घेतलं होतं. मुकेशनं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या देखत कापडाचं दुसरं टोक सोडून पहिलं टोक उचललं. वर्षानुवर्षं समोर उभं राहून बघितलेलं होतं. हात अडखळत होते, तरी फेरे बसत गेले, तुरा उभा राहिला, मागे पाठीवर सोडायचा शेमलाही सुटला. फेटा डावीकडे कलला होता खरा. पण तो फेटा होता, हे कुणीही सांगितलं असतं.

अंबरीशरावांनी जयसिंगभोवती एक फेरी मारली. "ये क्या है? इसका एक्सिडेंट हुआ है क्या? पट्टी बाँधी है तूने?"

मुकेश म्हणाला, "सीख जाएँगे भाईसाहब. दो-चार बार खोल-बाँध लेंगे तो हाथ बैठ जाएगा."

"दो-चार बार?" अंबरीशरावांनी तो फेटा जयसिंगच्या डोक्यावरून असा ओढला की बिचाऱ्याची मान हिसकली. "पूरी जिंदगी लगती है. तेरा हाथ ही ढीला है. जिसका हाथ ढीला, उसका सब ढीला."

जयसिंग केस नीट करत उठला आणि आपल्या मशीनवर जाऊन बसला. मुकेश खाली पडलेलं कापड गोळा करत राहिला. "हओ," तो म्हणाला. बुंदेलीत हो म्हणण्याचा हा शब्द मुकेश नेहमीच वापरायचा, पण त्या दिवशी तो हो असा वाटला नाही.

शिकवणी तिथंच संपली. घरी जाऊन अंबरीशरावांनी सांगितलं, "शिकवलं. मुकेश बघेल सगळं." अलकनंदाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या रात्री देवापुढे जास्तीचा दिवा लावला. नवऱ्याच्या थापेला तूप जाळणाऱ्या बायका अजून आहेत, म्हणून असल्या नवऱ्यांचं चालतं.

मनातून अंबरीशरावांनी भलताच बेत केला होता. दोन्हीकडचे मिळून पन्नास-साठ फेटे. ते आधीच बांधून ठेवायचे, आपल्या हातानं. त्या दिवशी नुसते डोक्यांवर ठेवायचे की काम झालं. मुलीसमोर उभं राहायलाही मोकळे, आणि मुकेशचा ढिला हातही कुठे लागणार नाही. म्हणजे दतिया गेटवाल्याची गाढवं ज्या रस्त्यानं जातात त्याच रस्त्यानं आपण निघालोय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. "त्याचे मशीनवर शिवलेले, माझे हातानं बांधलेले," असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस दुसऱ्याला नावं ठेवण्यात पटाईत असला की स्वतःला समजावायला त्याला वेळ लागत नाही.

पण बांधायचे कशावर? जन्मभर जिवंत डोक्यावर बांधलेले. ते कुंभाराकडे गेले आणि ऐन थंडीत माठ मागितले. कुंभार चकित झाला. "इत्ती ठंड में मटका, बाबूजी?" अंबरीशरावांनी खिशातून दोरा काढून आपल्या डोक्याचा घेर घेतला, तो दोरा माठांना लावून बघितला आणि बरोबर तेवढ्या घेराचे माठ निवडून घेतले. दुसऱ्या कुणाचं डोकं मोजावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. हजारो डोकी हाताखालून गेलेला माणूस, प्रत्येक डोक्यातली खोट तोंडपाठ असलेला. पण माप घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला जगात एकच डोकं आठवलं.

मग रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते मागच्या खोलीत बसू लागले. टोक धरायला मुकेश नको होता, त्यामुळे त्यांनी टोक दाराच्या कडीला बांधलं. कडी बोलत नाही, चुकत नाही, हओ म्हणत नाही. घरी सांगायचे, आमंत्रणं करायला जातोय. आमंत्रणं देवेंद्र करत होता. जाईच्या मैत्रिणी मेंदी घेऊन आल्या, मामीनं बांगड्या भरल्या, घाणा भरला गेला, घर बायकांनी गजबजलं, आणि नवरीचा बाप माठांना फेटे बांधत बसला होता. सगळे बांधून झाल्यावर खोलीत रांगेनं फेटे घातलेले माठ असे रुबाबात बसले होते की दरबार भरल्यासारखं वाटावं. अंबरीशरावांनी त्या दरबारावरून नजर फिरवली आणि त्यांना फार समाधान वाटलं. एकही माठ हलला नव्हता.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. जानवसा लॉनच्या समोरच्या धर्मशाळेत होता. मधे रस्ता तेवढा. दुपारी खोकी जानवशात आली. मुकेशनं एक खोकं उघडलं आणि आतला एक फेटा उचलून उलटसुलट करून बघितला.

"ये तो बँधे-बँधाए हैं," तो म्हणाला. "दतिया गेट वालों जैसे."

"हाताचे आहेत," अंबरीशराव म्हणाले आणि मग हिंदीत सांगितलं, "हाथ के हैं. तू बस बाँट."

नवरदेवाचा फेटा त्यांनी अमोघच्या डोक्यावर स्वतः बांधला. हलायचं नाही म्हटल्यावर अमोघ बिचारा श्वाससुद्धा बेतानं घेत होता. तो फेटा देखणाच झाला. त्याबद्दल वाद नाही. मग वऱ्हाड पुढे आलं. पहिला मान नवरदेवाचे काका विठोबा यांचा, भुसावळचे, गार्ड म्हणून निवृत्त झालेले. अंबरीशरावांनी दोन्ही हातांनी अदबीनं फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

फेटा कपाळावरून भुवयांवर आला, भुवयांवरून चष्म्यावर, आणि चष्म्यानं त्याला कसाबसा अडवला.

"हे काय हो, व्याही?" फेट्याच्या आतून विठोबाकाकांचा आवाज आला. "मला काही दिसेना."

दुसरा ठेवला. तो कानांवर टेकला. तिसऱ्याचा तर मानेपर्यंत उतरला आणि आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसायला लागली. कुणीतरी मोबाईल काढला. एक दणकट माणूस होता, त्याला कसाबसा बसला. पण माठाच्या गुळगुळीत पोटावर बांधलेले फेरे केसांवर येताच सैल पडले आणि तुरा पुढे झुकून त्याच्या नाकाशी खेळू लागला. अंबरीशराव एकामागून एक फेटा उचलत राहिले, ठेवत राहिले. लघाट्यांच्या घराण्यात डोकी मोठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भुसावळच्या डोक्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

दतिया गेटवाल्याच्या साफ्यांना निदान आतून इलॅस्टिक तरी असतं.

"सगळे सोड," अंबरीशराव मुकेशला म्हणाले. "सब खोल दे. मैं बाँधता हूँ."

"सब?"

"सब."

मुकेशनं इतक्या दुपारांची मेहनत बघता बघता सोडून कापडांचा ढीग केला. अंबरीशरावांनी विठोबाकाकांना स्टुलावर बसवलं, कापडाचं टोक दातांत धरलं आणि जन्मभर करत आले तसं एकेक डोकं हातावेगळं करायला सुरुवात केली. मुकेश दुसरं टोक धरून उभा राहिला. दोघांनी मिळून बांधायला घेतले असते तर निम्म्या वेळात झालं असतं. मुकेश तसं म्हणालाही. अंबरीशरावांच्या तोंडात कापड होतं, त्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली.

खिडकीतून लॉनचं फाटक दिसत होतं. ऊन उतरलं. बँड वाजायला लागला. अमोघ, त्याचे आईवडील आणि ज्यांची डोकी झाली होती ते सगळे रस्ता ओलांडून गेले. मुहूर्त काही कुणाच्या फेट्यासाठी थांबत नाही. बाजूच्या खोक्यावर ठेवलेला अंबरीशरावांचा फोन थरथरायला लागला.

"भाभीजी का है," मुकेश म्हणाला.

अंबरीशरावांनी पुन्हा मान हलवली. खिडकीतून त्यांना फाटकाशी गर्दी दिसली, आणि गर्दीच्या मधोमध देवेंद्र. तोच हसरा चेहरा. तो खाली वाकून नवरदेवाच्या पायांवर पाणी घालत होता. ते पाणी सासऱ्यानं घालायचं असतं. अलकनंदाबाई तबक घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या.

त्यांनी दाराकडे बघितलं. पण समोरच्या डोक्याचा तिसरा फेरा चालू होता, आणि तिसरा फेरा अर्धा सोडला की फेटा फसतो. तो फेरा झाला. मग चौथा. मग पुढचं डोकं. आता जानवशात उरले होते ते अमोघचे मित्र, ज्यांना फेट्यापेक्षा बँडपुढे नाचायची घाई होती. ते जांभया देत होते. एकानं विचारलंसुद्धा, "अंकल, नाही घातला तर चालणार नाही का?" अंबरीशरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूटपणे स्टुलावर बसला.

दारात अलकनंदाबाई उभ्या होत्या.

हिरवा शालू, नाकात नथ, हातात अजून तबक. धापा टाकत आल्या होत्या. अंबरीशरावांना वाटलं, आता त्या रडतील, विनवतील. त्याला उत्तरही तयार होतं. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी ढिगाकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, रस्त्याच्या कडेला फेकलेल्या कागदाकडे बघावं तसं नवऱ्याकडे बघितलं.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "भटजी अंतरपाट धरतायत. मी देवेंद्रला सांगितलंय, कन्यादानाला तो आणि वहिनी पाटावर बसतील. बाकी सगळं त्यानंच केलंय, एवढंही करेल. तुम्हाला फेटा दुसऱ्याच्या हाती देववत नाही. मुलगी देववते."

एवढं बोलून त्या वळल्या आणि गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

अंबरीशरावांचं तोंड उघडलं, आणि दातांतलं टोक खाली पडलं. स्टुलावरच्या पोराच्या डोक्यावर अर्धा फेटा होता, त्याचे फेरे सुटून गळ्यात यायला लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातातून फेटा असा सुटत होता. मुकेशनं तो वरच्यावर धरला.

आपला देवेंद्रवर इतका राग का आहे, ते अंबरीशरावांना त्या क्षणी कळलं. त्यानं काहीच हिसकावून घेतलं नव्हतं. आपणच एकेक काम त्याच्या हातात ठेवलं होतं: बारशाचं, शाळेचं, मुलगा बघण्याचं, पाय धुण्याचं. ही कामं देताना आपले हात कधी अडखळले नव्हते. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ती लपवायचंही भान राहिलं नाही.

"ले," ते म्हणाले. "तू बाँध. सबके. और देख, तीसरा फेरा—"

"भाईसाहब," मुकेश म्हणाला, "जाओ."

ते दारापर्यंत गेले आणि थबकले. हात डोक्यावर गेला. डोकं उघडं होतं. लघाट्यांचा बाप कन्यादानाला उघड्या डोक्यानं बसलेला कुणी ऐकला नव्हता. स्वतःचा फेटा ते नेहमी सगळ्यांत शेवटी, आरशात बघून, सावकाश बांधत. आणि त्या पन्नास-साठ फेट्यांतला कुठलाही फेटा ज्या एकाच डोक्यावर ठाकठीक बसला असता ते हे डोकं. पण ते सगळे त्यांच्याच हुकुमानं सुटून ढिगात पडलेले होते. त्यांनी एक कापड उचललं. उलटंपालटं केलं, पण टोक सापडेना.

मुकेशनं ते कापड त्यांच्या हातातून काढून घेतलं. स्टुलावरचा पोरगा आपण होऊन उठला. अंबरीशराव बसले. टोक धरायला कुणी नव्हतं, तर मुकेशनं तेच पोरगं कामाला लावलं. फेरे भराभर पडत होते. अंबरीशरावांना न बघता कळत होतं: पहिला सैल, दुसरा वर चढला, निरी दुमडली, सगळा भार डावीकडे. बोलायला जीभ वळवळली. त्यांनी ती दातांखाली धरली. तुरा खोचला गेला आणि ते पळत सुटले.

लॉनवर मंगलाष्टकं शेवटाला आली होती. अक्षता उडत होत्या. देवेंद्र पाटाशी उभा होता. दाजींना बघताच तो बाजूला झाला आणि हसला. अंबरीशरावांना ते हसू त्या वेळीही आवडलं नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून त्यांनी मान खाली घातली. अलकनंदाबाई नुसत्या थोड्या सरकल्या, त्यांना उभं राहता येईल एवढ्या.

अंतरपाट दूर झाला. जाईनं अमोघला हार घातला, अमोघनं जाईला. टाळ्या, ताशा, गोंगाट. त्या गोंगाटात जाईची नजर फिरत आली आणि समोर थांबली. तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग डोक्याकडे. फेट्यांच्या दुकानात वाढलेली मुलगी होती ती. मांडवातल्या एकाही माणसाला जे दिसलं नव्हतं ते तिला तत्काळ दिसलं, आणि ओठ दाबूनही तिला हसू आवरेना. बघता बघता काजळ गालावर उतरलं.

कन्यादानाला बसले. तेवढ्यात उरलेले वऱ्हाडी आत आले, मुकेशच्या हातचे फेटे घालून. काय ते फेटे! एकाचा कोबी झालेला, एकाचा तुरा शेजाऱ्याच्या डोळ्यात जाणारा, एकाचा शेमला कानावर लोंबणारा. आणि कुणालाही त्याचं काही नव्हतं. पोरं त्यातच नाचत होती, फोटो काढून घेत होती. विठोबाकाका तर अंबरीशरावांनी जीव ओतून बांधलेला फेटा काढून मांडीवर ठेवून निवांत डोकं खाजवत होते. अंबरीशरावांना त्या सगळ्यांची कीव आली, आणि ज्या माणसानं या असल्यांसाठी आयुष्य घालवलं त्याची तर जास्तच.

भटजींनी हात पुढे करायला सांगितले. खाली अमोघची ओंजळ, त्यावर जाईची, सगळ्यांत वर बापाची. अलकनंदाबाईंनी झारीतून धार धरली. पाणी बापाच्या बोटांमधून मुलीच्या हातांवर, तिथून जावयाच्या हातांत उतरायला लागलं. आणि वाकल्याबरोबर डोक्यावरचा फेटा घसरू लागला. आधी कपाळावर, मग डाव्या भुवईवर. दोन्ही हात गुंतलेले. धार मोडायची नसते. जाईनं खालून बघितलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "फेटा गिर रहा है."

"पडू दे," अंबरीशराव म्हणाले.

मागून दोन हात आले. इस्त्रीनं भाजलेले, वर्षानुवर्षं टोक धरून घट्टे पडलेले. भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, ते लघाट्यांच्या डोक्याला भिडले, फेटा वर उचलला आणि सुटलेला फेरा ओढून खोचायला लागले. चांगलेच जोरात ओढत होते.

"हिलिए मत," मुकेश म्हणाला.

अंबरीशराव हलले नाहीत. पाणी पडत होतं.